किल्ली फिरवली की नुसता "टक": सेल्फ बदलायच्या आधी हे मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोल गाडी, मॅन्युअल गिअर, ६ वर्षं जुनी. सकाळी किल्ली फिरवली की कधी एका फटक्यात स्टार्ट, कधी नुसता "टक" करून गप्प, मग ४-५ वेळा किल्ली मागेपुढे केली की जणू काही झालंच नव्हतं अशी चालू होते. गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली, आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच रडगाणं. आता तो म्हणतोय सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) बदलून टाकू. तर दादा, बदलू का?

इतक्यात नको. सेल्फ गेलेला असेलही, मी नाही म्हणत नाही, पण अजून कोणी मीटर लावून काही बघितलेलंच दिसत नाहीये. बॅटरी बदलली, नाही जमलं, आता सेल्फ, तोही नाही जमला की मग स्विच, मग वायरिंग, हे सगळं अंदाजपंचे दाहोदरसे चाललंय. मी २२-२३ वर्षं हेच काम करतोय आणि माझ्याकडे आलेल्या कितीतरी "गेलेल्या" सेल्फमध्ये काही म्हणजे काही झालेलं नसायचं.

आधी एक सांगतो. "गाडी चालू होत नाही" एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही, त्यात निदान ४-५ वेगळे आजार लपलेले असतात. मला फोन आला की मी आधी सांगतो, फोन स्पीकरवर टाका, खिडकी उघडा आणि किल्ली मारा, मला नुसतं ऐकू द्या. निम्मं निदान तिथेच होतं. काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डवर लाइटसुद्धा नाही, ती एक गोष्ट. लाइट आहेत पण किल्ली फिरवल्यावर शांतता, ती दुसरी. टिकटिकटिकटिक असा पोपटपंचीसारखा आवाज, ती तिसरी. एकच दणदणीत "टक" आणि पुढे काही नाही, म्हणजे तुमची केस, ती चौथी. आणि इंजिन मस्त घरघर फिरतंय पण पकडत नाही, हा तर पूर्ण वेगळा विषय, त्यात बॅटरी आणि सेल्फला दोष द्यायचाच नाही. लोक सगळ्यात जास्त गोंधळ इथेच घालतात, इंजिन झक्कास फिरतंय आणि हे बॅटरी बदलायला निघालेत.

टिकटिक आणि एकच टक यात फरक काय ते समजून घ्या, पुढचं सोपं जाईल. सेल्फवर जो छोटा डबा बसलेला असतो तो सोलेनॉइड. किल्ली मारली की त्यातली कॉइल लोखंडी दांडा आत ओढते, त्यामुळे दोन कामं होतात, पुढचं बेंडिक्सचं दातेरी चाक फ्लायव्हीलमध्ये (इंजिनच्या जड दातेरी चाकात) जाऊन बसतं आणि मागे तांब्याचे जाड कॉन्टॅक्ट जुळून मोटरला मेन करंट मिळतो. साध्या पेट्रोल गाडीत तो १०० ते २०० अँपिअरच्या घरात असतो, डिझेलला अजून जास्त, घरातल्या कुठल्याही वायरीने एवढा करंट कधी बघितलेला नसतो. आता बॅटरी उतरलेली असेल तर काय होतं, कॉइल दांडा ओढते, कॉन्टॅक्ट जुळतात, मोटर करंट मागते, व्होल्टेज बदकन खाली येतं, कॉइलची पकड सुटते, दांडा मागे जातो, मोटर बंद झाल्यामुळे व्होल्टेज परत वर, कॉइल परत ओढते. हे सेकंदाला कितीतरी वेळा चालतं, तोच तो टिकटिकटिक. म्हणून टिकटिक ऐकू आली की बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं, इथून सुरुवात करायची. एकच टक असेल तर दांडा आत गेला आणि तिथेच थांबला, म्हणजे कॉइलपुरता करंट आहे पण मोटर फिरत नाहीये. का नाही, ते शोधायचं.

(जाता जाता, आपण याला "सेल्फ" का म्हणतो माहितीये ना? पूर्वी गाडीच्या पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवायचे, उलटा झटका बसून लोकांचे हात मोडायचे. चार्ल्स केटरिंगने बनवलेला इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि गाडी "स्वतःच" स्टार्ट व्हायला लागली म्हणून तो सेल्फ-स्टार्टर. आपण पुढचं गाळून टाकलं आणि सेल्फ ठेवलं.)

मीटर नसेल तर पहिली टेस्ट हेडलाइटची. रात्री किंवा भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइट लावा आणि किल्ली मारा. लाइट एकदम विझत आले तर बॅटरी नाहीतर टर्मिनल. लाइट थोडे मंद झाले पण इंजिन फिरलं नाही तर सेल्फ, किंवा सेल्फकडे जाणारी किंवा इंजिनकडून परत येणारी जाड वायर. आणि लाइटला काही फरकच पडला नाही, जसेच्या तसे ढणढण चालू, तर किल्लीचा हुकूम सेल्फपर्यंत पोचतच नाहीये, मग क्लचचा स्विच, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी), किल्लीचा स्विच, ऑटोमॅटिक असेल तर गिअर लिव्हरचा स्विच हे बघायचं. ऑटोमॅटिकवाल्यांनी पार्कमध्ये नाही लागली तर ब्रेक दाबून न्यूट्रलमध्ये टाकून बघा, कितीतरी वेळा तेवढ्यावर लागते. मॅन्युअलमध्ये क्लच पूर्ण तळाला दाबा, पायाखाली मॅट गोळा होऊन क्लच अर्धाच दाबला जातो, अशा गाड्या मी टो करून आलेल्या बघितल्यात, हसू नका.

आता मीटर. साधा मल्टिमीटर, डीसी २० व्होल्टवर. बॅटरी मोजायची ती गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, कारण नुकतीच चालवून आणलेली असेल तर वरवरचा चार्ज दाखवते आणि फसवते. १२.६ च्या आसपास म्हणजे फुल्ल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली की उतरलेलीच समजा. १०.५ च्या आसपास अडकली असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल तर ६ पैकी एक सेल बसलाय, ती बॅटरी गेली. पण नुसतं उभ्या उभ्या १२.६ दाखवलं म्हणून बॅटरी चांगली असं नाही हां. खरी परीक्षा किल्ली मारताना. मीटर लावून ठेवा, दुसऱ्याला किल्ली मारायला सांगा आणि आकडा बघा. १० च्या वर राहिला तर छान, ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी दमलीये.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या, मीटरची टोकं टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या खुंटीवर टेकवायची. कारण खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्येच पांढरा-हिरवा थर बसलेला असतो, कधी कधी तर बाहेरून एकदम स्वच्छ आणि आत काळपट पापुद्रा. पहिल्यांदा खुंटीवर मोजा, मग क्लॅम्पवर मोजा, किल्ली मारताना दोन्हीत फरक आला तर तुमचा चोर तिथेच सापडला. खोलताना आधी मायनस काढायचा आणि लावताना मायनस शेवटी, कारण प्लस खोलताना पाना बॉडीला टेकला तर जो भडका उडतो तो एकदा बघितला की जन्मभर आठवण राहते. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. खायच्या सोड्याचं पाणी टाकून थर धुवा, कोरडं करा, पॉलिश पेपर मारा, घट्ट करा, मग वरून थोडं ग्रीस.

तुमची बॅटरी नवीन, आठवडाभर बरं चाललं आणि परत तेच, हे वाचून माझ्या डोक्यात पहिली घंटा वाजली ती याचीच. बॅटरी बदलताना काय झालं? क्लॅम्प खोलले, हलले, बहुतेक घासले पण असतील, वायरी इकडेतिकडे झाल्या, आणि नवीन बॅटरी जरा ताकदीची असते ती वायरीतला तोटा काही दिवस झाकून नेते. म्हणून "बॅटरी बदलल्यावर बरं वाटलं" हा बॅटरी खराब असल्याचा पुरावा नाही.

तोटा म्हणजे काय ते सांगतो, हाच माझ्या उत्तराचा गाभा आहे. सेल्फला १५० अँपिअर हवेत असं धरा. वायरीत, क्लॅम्पमध्ये, बोल्टखाली कुठेतरी फक्त ०.०१ ओहमचा अडथळा आला. ०.०१ म्हणजे तुमचा साधा मीटर दाखवणार पण नाही. पण १५० गुणिले ०.०१ म्हणजे दीड व्होल्ट तिथेच खाल्ले गेले. अडथळा ०.०२ झाला तर ३ व्होल्ट. बॅटरी किल्ली मारताना १०.५ वर आलेली, त्यातले ३ वाटेत गेले, सेल्फच्या हातात उरले साडेसात, तो बिचारा काय फिरणार. आणि हा अडथळा रोज सारखा नसतो, थंडीत, ओलाव्यात, इंजिन हललं की कमीजास्त होतो, म्हणून कधी लागते कधी नाही.

म्हणूनच वायर काढून ओहममध्ये मोजायची आणि "बीप वाजतोय म्हणजे वायर चांगली" म्हणायचं हे एकदम चुकीचं. ५० तारांच्या जाड केबलमधल्या ४९ तारा सडल्या आणि एकच शिल्लक राहिली तरी मीटर बीप वाजवतो, कारण मीटर त्यातून चिमूटभर करंट सोडतो. तेवढ्याला एक तार पुरते, सेल्फला नाही पुरत. वायर कामावर असतानाच तपासायची.

ती अशी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. फ्यूज बॉक्समधला पेट्रोल पंपाचा फ्यूज नाहीतर रिले काढून ठेवा म्हणजे इंजिन नुसतं फिरेल, स्टार्ट होणार नाही, नाहीतर मोजायच्या आत ते चालू होतं. मीटर व्होल्टवरच. लाल टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर, काळं टोक सेल्फवर जिथे जाड केबल येते त्या बोल्टवर. दुसऱ्याने किल्ली मारायची, ४-५ सेकंद बास. मीटर जो आकडा दाखवतो तो वाटेत खाल्लेला व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर प्लसची बाजू चांगली. मग दुसरी बाजू, एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग मारलेल्या जागी नाही, सेल्फच्या बॉडीवर मिळालं तर उत्तमच. किल्ली. इथे ०.२-०.३ च्या वर गेलं तर अर्थमध्ये, म्हणजे करंटच्या मायनसकडे परतीच्या वाटेत, गडबड आहे. आणि हे मोजमाप जेव्हा गाडी "टक" करून रुसलेली असेल तेव्हाच करायचं, चांगली लागत असताना मोजलं तर सगळं चांगलंच दिसणार.

अर्थची बाजू कोणी बघतच नाही. सगळे लाल वायरीमागे धावतात. माझ्याकडे एक गाडी आली होती, दोन बॅटऱ्या आणि एक सेल्फ बदलून झालेला, मालक वैतागलेला, गाडी विकायच्या गोष्टी करत होता. तक्रार तुमच्यासारखीच. मी ४-५ वेळा किल्ली मारायला लावली आणि बॉनेटखाली हात फिरवत होतो तर क्लचची केबल, ती साधी लोखंडी ओढकेबल, हाताला गरम लागली. क्लचच्या केबलला गरम व्हायचं कारण काय? वाकून बघितलं तर गिअरबॉक्स आणि बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी एका बाजूने नुसती लोंबत होती. विचारल्यावर कळलं की दोन महिन्यांपूर्वी कुठेतरी क्लचप्लेटचं काम झालं होतं, गिअरबॉक्स खाली उतरवला होता आणि बसवताना तो एक बोल्ट राहिला. मग सेल्फचा सगळा करंट परत जायला वाट शोधत होता, ती त्याला क्लचच्या केबलमधून मिळत होती. मायनस बाजूचा आकडा मोजला तर ३ व्होल्टच्या वर. बोल्टची जागा घासली, पट्टी बसवली, घट्ट केली, १० मिनिटांचं काम. जुना काढलेला सेल्फ मालकाच्या डिकीतच होता, तो नंतर टेबलावर लावून बघितला, ठणठणीत.

आता मीटरच नसेल तर याचीच गावठी टेस्ट. जम्पर केबलची एक काळी वायर घ्या, एक टोक तुमच्याच बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या जाडजूड धातूला, फिरत्या पट्ट्यापासून लांब. किल्ली मारा. रुसलेली गाडी लगेच फिरली तर अर्थ खराब आहे, विषय संपला. आणि याच्यावरूनच एक लक्षात ठेवा, "दुसऱ्या गाडीवरून जम्प दिला की लगेच लागते म्हणजे माझी बॅटरीच खराब" हे दर वेळी खरं नाही. जम्प देताना काळा चिमटा आपण इंजिनला लावतो ना, म्हणजे नकळत तुम्ही खराब अर्थला बगल दिलेली असते.

जम्पचा विषय निघालाच आहे तर क्रम सांगून टाकतो. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या इंजिनला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या चिमट्याला ठिणगी पडतेच आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, तो पेटू नये म्हणून हे. बॅटरी फुगलेली, फुटलेली, गळणारी असेल तर जम्प द्यायचाच नाही.

प्लसची बाजू चांगली, अर्थची चांगली, बॅटरी चांगली आणि तरी टक करून थांबते, मग सेल्फकडे वळा. सेल्फच्या सोलेनॉइडवर एक बारीक वायर येते, किल्ली मारल्यावर तिच्यात बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज यायला पाहिजे. तिथे येतंय, जाड बोल्टवर पण पुरेसं येतंय आणि मोटर फिरत नाही, तर सेल्फच खराब, आता बिनधास्त काढा. बारीक वायरीवर ७-८ व्होल्टच येत असतील तर किल्लीचा स्विच, रिले किंवा त्या वायरीचा जोड जळालाय, सेल्फची काही चूक नाही. सेल्फ काढल्यावरही लगेच नवीन घेऊ नका, उघडून बघा. बऱ्याचदा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे घासते तुकडे) झिजलेले असतात किंवा सोलेनॉइडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट एका बाजूने खाल्लेले असतात, तेवढेच बदलून मिळतात. किल्ली मारताना सेल्फला लाकडाच्या तुकड्याने हळूच ठोकल्यावर फिरला तर कार्बनचंच काम. रस्त्यात अडकलात तर घरी पोचायला ती युक्ती ठीक आहे, रोजची नाही. आणि स्क्रू ड्रायव्हर लावून सेल्फचे दोन बोल्ट शॉर्ट करायचं जे लोक करतात ते तुम्ही करू नका, गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर अंगावर येते.

ज्यांची गाडी सकाळी उतरलेलीच मिळते, म्हणजे टिकटिकवाले, त्यांनी दोन गोष्टी बघा. चार्जिंग होतंय का आणि रात्री कोण पितंय. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत, काही नवीन गाड्यांमध्ये कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमी करतो तेव्हा मधूनच कमी दिसेल, घाबरू नका, हेडलाइट आणि ब्लोअर लावून परत बघा. चालू गाडीत बॅटरीचा टर्मिनल काढून "अल्टरनेटर चेक" (अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) करायची जुनी पद्धत आजच्या गाडीत चुकूनही नको, व्होल्टेज उसळून इंजिनचा कॉम्प्युटर उडू शकतो, आणि तो उडाला की सेल्फ बरा होता म्हणायची वेळ येते. रात्रीची गळती मोजायला मायनस टर्मिनल आणि बॅटरीच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावतात, लाल टोक १० अँपिअरच्या भोकात, आणि गाडी लॉक करून अर्धा तास तरी थांबायचं कारण आतले कॉम्प्युटर एकेक करून झोपतात. मीटर लावलेला असताना किल्ली मारायची नाही, फ्यूज उडतो. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक, तेवढ्याने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, ४५ अँपिअर-तासाची बॅटरी दोन आठवडे सहज काढेल. पण ५०० मिलीअँपिअर असेल तर दिवसाला १२, दोन-तीन दिवसांत गाडी झोपली. बहुतेक वेळा बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम नाहीतर डिकीचा न विझणारा दिवा सापडतो. फ्यूज एकेक काढत जा, ज्याच्यावर आकडा पडला ती लाइन धरायची.

आता ज्यांचं इंजिन फिरतंय पण पकडत नाही त्यांच्यासाठी, तुमचा प्रश्न नाहीये पण वाचणारे असतील. पहिलं म्हणजे १० सेकंदांच्या वर सेल्फ मारत बसू नका, मारला की मिनिटभर थंड होऊ द्या, नाहीतर जो चांगला होता तो पण जाईल. डॅशवर किल्लीचं किंवा कुलुपाचं चित्र टिमटिमतंय का बघा, तसं असेल तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही, दुसरी किल्ली वापरून बघा. बटन स्टार्ट असेल तर रिमोटचा सेल संपला असेल, रिमोट बटनाला चिकटवून दाबा, बहुतेक गाड्या तशा घेतात, नाहीतर रिमोट कुठे धरायचा ते गाडीच्या पुस्तकात असतं. मग किल्ली ऑन करून, सेल्फ न मारता, मागच्या सीटखाली कान द्या, पेट्रोल पंप २-३ सेकंद गुणगुणतो. नाही गुणगुणला तर फ्यूज, रिले, पंप. रिले चेक करायला शेजारचा तसाच नंबर असलेला हॉर्नचा रिले काढून तिथे लावून बघा.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा तरी हलतोय का? बऱ्याच गाड्यांमध्ये काटा एकदम मेलेला असेल तर क्रँक सेन्सरचा संशय घ्यायचा, त्याच्याशिवाय कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग ना करंट ना पेट्रोल. या सेन्सरची खोड म्हणजे गरम झाला की मरतो आणि थंड झाला की जिवंत, लांबून आलात, १० मिनिटं थांबलात, परत लागत नाही, अर्ध्या तासाने लागली, असं असेल तर तोच. गॅरेजला पोचेपर्यंत ती चालूच झालेली असते आणि मेकॅनिक म्हणतो "काही नाही हो, चालतीये की".

प्लग ओले होऊन गाडी ओव्हर झाली असेल, पेट्रोलचा वास मारत असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा, बऱ्याच इंजेक्शनवाल्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर तेव्हा पेट्रोल बंद ठेवतो आणि नुसती हवा आत जाऊन प्लग सुकतात. लागली की पाय लगेच काढा. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भर्रकन, एकसुरी फिरतंय असं वाटलं, जसं काही आत दाबच नाही, तर हात आवरा. टायमिंग बेल्ट तुटल्याची खूण असू शकते आणि पुष्कळ इंजिनांमध्ये मग पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात. पाण्यातून गाडी काढताना बंद पडली असेल तरी तेच, एकदासुद्धा सेल्फ मारू नका. सिलेंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही.

डिझेलवाल्यांचं थोडं वेगळं. त्यात स्पार्क नसतो, हवा दाबून जी उष्णता तयार होते तिच्यावर डिझेल पेटतं, म्हणून इंजिन हळू फिरलं तरी लागत नाही. पेट्रोल गाडी जेवढ्या उतरलेल्या बॅटरीवर कशीबशी लागते तेवढ्यावर डिझेल हात वर करतं. थंडीत हीटर प्लगचा (सिलेंडरमधली हवा तापवणाऱ्या प्लगचा) पिवळा वेटोळ्यासारखा दिवा विझेपर्यंत थांबा. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर लाइनमध्ये हवा धरते, फिल्टरजवळचा हातपंप कडक होईपर्यंत दाबायचा. आणि हीटर प्लगवाल्या डिझेलच्या एअर इनटेकमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारायचा नाही, तापलेल्या प्लगवर तो वेळेआधीच भडकतो.

तर परत तुमच्या गाडीकडे. मीटर आणा, नसेल तर कोणाकडून मागून घ्या, आणि गाडी ज्या सकाळी रुसेल त्या सकाळी ४-५ वेळा किल्ली मागेपुढे करून तिला मनवू नका. तेव्हाच मोजा. आधी बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर, मग प्लस खुंटी ते सेल्फचा बोल्ट, मग मायनस खुंटी ते इंजिन, तिन्ही किल्ली मारलेली असताना. फक्त एक लक्षात ठेवा, मोटर करंटच ओढत नसेल तर वायरीत तोटा दिसणारच नाही, मग दोन्ही आकडे शून्याच्या आसपास आणि बॅटरी १२ च्या वर अशी दिसेल. तसं झालं आणि टक दणदणीत असेल, बारीक वायरीवर पण व्होल्टेज बरोबर असेल, तर गॅरेजवाला बरोबर बोलतोय, सेल्फ उतरवा आणि आधी कार्बन आणि कॉन्टॅक्ट बघायला सांगा. मायनसवर १-२ व्होल्ट दिसले तर अर्थची पट्टी दोन्ही टोकांना खोलून घासा. प्लसवर दिसले तर केबलचं टोक जिथे रबर संपतं तिथे वाकवून बघा, कुरकुर असा आवाज आला किंवा हिरवी पूड पडली तर केबल आतून सडलीये, ती बदला. तिन्ही आकडे लिहून ठेवा आणि गॅरेजवाल्याला तो कागद दाखवूनच पुढचं बोला.